‘मेसेज’मधला जादा ‘यू’

या महिन्यात जुन्या इंग्रजी शब्दांबद्दलची पत्रं बरीच आली. ‘हा कसला विचित्र शब्द?’ असं विचारणारी त्यात थोडी. बाकी सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘शब्द तर ओळखीचा आहे, मग इथे असा का बसलाय?’ मला बरं वाटलं. विचित्र शब्द दिसला की माणूस निमूटपणे शब्दकोश उघडतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द मात्र न विचारता घरात शिरतो आणि भलतंच सांगून जातो. फोर्टातल्या एका सॉलिसिटर कंपनीत मी ३४ वर्षं दस्त टाइप केले. तिथे मला तोंडघशी पाडलं ते असल्या साळसूद शब्दांनीच.

प्र. गिरगावातल्या आमच्या जुन्या घराचं १९३४ सालचं इंग्रजी खरेदीखत सापडलं. त्यात तीन ठिकाणी ‘मेसेज’ असं आहे, पण स्पेलिंगात मध्येच एक ‘यू’ घुसलाय. मुलगा म्हणतो, टायपिस्टची चूक. तीच चूक तीनदा होईल का? शिवाय सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत ‘धिस इंडेंचर’ आहे. आम्हाला इंडेंट माहीत तो सरकारी स्टोअरचा, माल मागवायचा फॉर्म. – एक वाचक, डोंबिवली

मुलाला सांगा, टायपिस्ट निर्दोष आहे. शब्द ‘मेसेज’ नव्हेच. उच्चार ‘मेसविज’, आणि अर्थ राहतं घर, त्याला लागून असलेली गोठा-कोठारासारखी बांधकामं आणि भोवतालची जागा, असं सगळं मिळून. घरासकट परसू म्हणा ना.

तुमच्या मुलाने केलं तेच मी १९७४ साली केलं होतं. नोकरीला लागून महिना झाला नव्हता. साहेबांच्या हातचा मसुदा समोर होता. तो ‘यू’ मला साहेबांच्या घाईचा वाटला आणि मी मोठ्या मनाने तो काढून टाकला. सहीसाठीची पक्की प्रत, आम्ही तिला एनग्रॉसमेंट म्हणायचो, हिरव्या लेजर पेपरवर तयार झाली. मॅनेजिंग क्लार्कनी कागद चष्म्याला टेकेपर्यंत जवळ नेला आणि म्हणाले, “पोरी, अशिलाने घर विकलंय, निरोप नाही.” खाडाखोड चालत नसे. दोन पानं पुन्हा टाइप केली, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर मशिनचा ‘यू’ स्वप्नात आला.

पुढे कळलं ते आणखी मजेदार. हा शब्द बहुधा वाचण्यातल्या चुकीतूनच जन्मला, असं कोशकार मानतात. जुन्या फ्रेंचमध्ये घरसंसाराला ‘मेनाज’सारखा एक शब्द होता, त्यात ‘एन’ होता. बोरूने लिहिलेल्या हस्तलिखितात ‘एन’ आणि ‘यू’ म्हणजे दोन उभ्या रेघाच. जोड वर आहे की खाली, एवढाच फरक. कुणा लेखनिकाने ‘एन’चा ‘यू’ वाचला, पुढच्याने तो इमानाने उतरवला, आणि बघता बघता तोच कायद्याचा शब्द झाला. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सांगतात ती १७७३ सालची: ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव गेला. इंग्रजांच्या ‘एन’चा ‘यू’ झाला त्यात कुणाचं रक्त सांडलं नाही. टायपिस्ट तेवढ्या हैराण झाल्या.

इंग्लंडच्या जमिनीच्या कागदात फ्रेंच आली कुठून? १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम तिथला राजा झाला आणि सरदार-दरकदार सगळे फ्रेंच बोलणारे आले. कोर्टातले वाद फ्रेंचमध्ये चालायचे. ते इंग्रजीत चालवा, असा कायदा १३६२ साली करावा लागला. भाषा गेली, शब्द राहिले; आपल्या कोर्टातून फारसी गेली, पण वकालतनामा, फिर्याद, रोजनामा गेले का? दस्तात एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द दिसतात, ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, त्याचंही एक कारण हेच: एक शब्द घरचा, एक बाहेरून आलेला, म्हणजे कुणी म्हणायला नको की मला समजलं नाही. हसू नका. आपण ‘कागदपत्र’ म्हणतो त्यात कागद फारसीकडून आलेला आणि पत्र संस्कृतातलं. धनदौलत तशीच, बाजारहाटही तसाच. आणि ‘चॅटल’ हा गुरांच्या ‘कॅटल’चा सख्खा भाऊ. गुरं हीच मालमत्ता होती, आपणही पशुधन म्हणतोच.

आता इंडेंचर. या शब्दाला दात आहेत, अगदी खरे. डेंटिस्टमध्ये जो लॅटिन दात आहे तोच इथेही. एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा, मधोमध दातेरी रेघेने कापायचा आणि एकेक तुकडा एकेका पक्षाने ठेवायचा. पुढे कुणी खोटी प्रत पुढे केली तर दाताला दात जुळायचा नाही. नंतर कडा सरळ झाल्या, नाव तेच राहिलं. मॉरिशस-फिजीला करारावर नेलेल्या मजुरांना ‘इंडेंचर्ड’ म्हणत ते यावरूनच. त्या बिचाऱ्यांच्या तोंडी ‘अॅग्रीमेंट’चं गिरमिट झालं. सरकारी स्टोअरचा इंडेंटही याच घराण्यातला. तुम्ही आयुष्यभर भरलात तो फॉर्म मूळचा दातेरी होता, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या दस्तात ‘मेसविज’च्या शेजारी ‘हेरेडिटामेंट्स’ आणि ‘अपर्टनन्सेस’ही असतील. पहिला म्हणजे वारसाने पुढे जाऊ शकेल अशी मालमत्ता. दुसऱ्यासाठी एखादं जुन्या वळणाचं मराठी खरेदीखत काढा: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह’. ते ‘तदंगभूत’ म्हणजेच अपर्टनन्सेस. दोन्ही भाषांचे दस्त माझ्या टेबलावर यायचे. कानाला गोड कुठला लागायचा, हे सांगायला नको.

प्र. आमच्या बाजारपेठेत मिठाईच्या दुकानावर ‘स्वीट मीट मार्ट’ अशी जुनी पाटी आहे. सासरे माळकरी. पाटीत ‘मीट’ आहे म्हणून तिथले पेढे घरात येऊ देत नाहीत. काय सांगू त्यांना? – एक सून, जळगाव

सांगा की पाटी त्यांच्यापेक्षा सोवळी आहे. ‘मीट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसतं अन्न, जे खायचं ते सगळं. गोड मीट म्हणजे गोड खाणं, म्हणजे मिठाई. १६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या आज्ञेने बायबलचं भाषांतर निघालं. त्यात देव पहिल्या माणसाला बीज धरणाऱ्या वनस्पती आणि फळझाडं दाखवतो आणि म्हणतो, हे तुम्हाला ‘मीट’ म्हणून दिलं आहे. त्याच ग्रंथात पुढे ‘मीट ऑफरिंग’ नावाचा नैवेद्य आहे. त्याची कृती वाचा: उत्तम पीठ, तेल आणि ऊद. मांसाचा कण नाही! हळूहळू शब्द आकसला आणि मांसापुरता उरला. जुना अर्थ कोपऱ्याकोपऱ्यात टिकून आहे, मिठाईच्या पाटीवर आहे, आणि ओल्या खोबऱ्यालासुद्धा इंग्रजीत ‘कोकोनट मीट’ म्हणतात. (हे सासऱ्यांना सांगू नका, उद्या सोलकढी बंद व्हायची.)

असं आकसणं आपल्या ओळखीचं आहे. ‘डियर’ म्हणजे आज हरीण, पण मुळात कुठलंही जनावर. जर्मनमध्ये ‘टियर’ अजून तसाच आहे. शेक्सपिअरच्या लिअर राजाच्या नाटकात वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की उंदीर, घुशी आणि असलीच बारकी ‘डियर’ खाऊन मी सात वर्षं काढली. शाळेतली मुलं इथे डोळ्यांसमोर हरणं आणतात. आता आपला ‘मृग’ घ्या. तोही एके काळी कुठलाही वन्य पशू होता, नाहीतर सिंहाला मृगेंद्र आणि माकडाला शाखामृग कुणी म्हटलं असतं? नुसत्या हरणांचा राजा व्हायला सिंह कशाला आला असता! दोन भाषांत, कुणी कुणाचं न बघता, जनावराचं हरीण झालं. उलटा प्रवास तेलाचा. तिळाचं ते तेल. आज शेंगदाण्याचं, सरकीचं, इंजिनाचंही तेलच.

पेढ्यात खवा खरा आहे का, हे मात्र विचारून घ्या. ती शंका रास्त आहे.

प्र. मुलाकडे जायचं म्हणून पासपोर्ट पहिल्यांदाच नीट वाचला. त्यात ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं असं लिहिलंय. ‘लेट’ म्हणजे करू देणं ना? मग ‘करू दिल्याशिवाय’ जाऊ द्या, हे कसं? – निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी

पासपोर्ट वाचणारा माणूस भेटला, धन्य झाले. हे दोन वेगळे शब्द आहेत. हजार वर्षांपूर्वी त्यांचे उच्चारही वेगळे होते. एकाचा अर्थ जाऊ देणं, दुसऱ्याचा नेमका उलटा, अडवणं. काळाच्या ओघात दोघे घासून घासून एकसारखे झाले, आणि एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? अडवणारा ‘लेट’ बोलण्यातून गेला. पासपोर्टात तेवढा उरला, कारण सरकारी वाक्याला हात लावायची कुणाची छाती नसते. आणि टेनिसच्या मैदानावर. सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतो. मध्ये अडथळा आला, पुन्हा मारा. हॅम्लेटला मित्र धरून ठेवतात तेव्हा तो ओरडतो, मला जो ‘लेट’ करेल त्याचं भूत करीन. आजच्या अर्थाने वाचाल तर मदत करणाऱ्याच्याच जिवावर उठलाय असं वाटेल.

अहिल्यानगरहून एका ख्रिस्ती वाचकांनी याच जातीचा प्रश्न पाठवलाय. त्यांच्या आजोबांच्या इंग्रजी बायबलात, ११९व्या स्तोत्रात, भक्त म्हणतो, मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं. पहाट थांबवणारा हा कोण? थांबवली नाही हो, तिच्या आधी उठला. लॅटिनमध्ये ‘प्री’ म्हणजे आधी, ‘व्हेनिरे’ म्हणजे येणं. इंग्लंडच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात तर ‘हे प्रभो, आमच्या सर्व कामांत आम्हाला प्रिव्हेंट कर’ अशी विनवणी आहे, म्हणजे आमच्या पुढे चाल. पुढे चालणारा मध्येच उभा राहिला की मागच्याची वाट अडते; शब्दाचंही तेच झालं.

प्र. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही बाल्कनीचा प्रवेश केला. ‘वेअरफोर आर्ट दाउ रोमिओ’ म्हणताना मी कपाळावर आडवा हात धरून खाली शोधत होते. टाळ्या पडल्या, पण सर म्हणाले, सगळं चुकलं. काय चुकलं? आणि ‘दाउ’ आदरार्थी आहे ना? – विद्यार्थिनी, पुणे

हात चुकला. ‘वेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का. ‘रोमिओ, तू रोमिओ का आहेस?’ नेमका वैऱ्याच्याच घरात का जन्मलास, असं ज्युलिएट विचारते, आणि लगेच म्हणते की बापाला नाकार, नाव टाकून दे. प्रश्न पत्त्याचा नाही, आडनावाचा आहे. तो खाली बागेत उभा राहून ऐकतोय, हे तर बिचारीला ठाऊकच नाही. पुढच्या वेळी हात खाली आणि नजर आकाशात.

‘दाउ’ आदरार्थी? बाई गं, उलट. ‘दाउ’ म्हणजे चक्क ‘तू’. ‘यू’ मूळचं अनेकवचन, आपल्या ‘तुम्ही’सारखं, मोठ्या माणसाला एकट्यालाही तेच वापरू लागले. ‘दाउ’ उरला जिवलगासाठी, लेकरासाठी, नोकरासाठी, ज्याचा पाणउतारा करायचा त्याच्यासाठी, आणि देवासाठी. विठोबाला आपण ‘अहो’ म्हणतो का? प्रार्थनेत ‘दाउ’ ऐकून ऐकून आजच्या लोकांना वाटायला लागलं की हा फार सोवळ्यातला शब्द असणार. जवळिकीचा होता तो.

मला यातला सर्वात आवडता शब्द सांगते. इंग्रजीत ‘दाउ’चं क्रियापदही होतं: ‘टु दाउ’. मराठीत याला नेमका शब्द आहे, अरेतुरे करणे. १६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर!’ कसं भाषांतर कराल? ‘मी तुला अरेतुरेच करणार, हरामखोरा!’ आपल्याला ते एका क्षणात कळतं. आजच्या इंग्रज मुलाला तळटीप लागते. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात द्वंद्वाचं आव्हान लिहायला बसलेल्या बावळट सरदाराला त्याचा दोस्त सल्ला देतो, पत्रात त्याला दोन-तीनदा ‘दाउ’ घाल, बिघडत नाही. म्हणजे शिवी द्यायला नको, अरेतुरेनेच भागतं!

१७व्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक म्हणू लागले की देवापुढे सगळे सारखे, आम्ही न्यायाधीशालाही ‘दाउ’च म्हणणार. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. पुढे समता आली ती मात्र दुसऱ्या टोकाने. सगळे ‘तू’ होण्याऐवजी सगळे ‘तुम्ही’ झाले. यॉर्कशरकडच्या बोलीत ‘दाउ’चे अवशेष आहेत, एरवी इंग्रज आज राजाला, बायकोला आणि कुत्र्याला एकाच ‘अहो’ने हाक मारतो. मला यात त्यांचं नुकसानच दिसतं. भांडण विकोपाला गेल्याची खूण, म्हणजे ‘अहो’वरून ‘अगं’वर येणं, त्यांच्याकडे उरलीच नाही.

प्र. इथे ऑफिसात मी ‘फोर्टनाइट’ म्हटलं तर अमेरिकन सहकाऱ्यांना व्हिडिओ गेम आठवला. चूक माझी का? – न्यू जर्सी

नाही. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात आहे, अमेरिकेत जवळजवळ नाही. शब्द म्हणजे ‘फोर्टीन नाइट्स’, चौदा रात्री. सात रात्रींचा ‘सेनाइट’ही होता, जेन ऑस्टिनच्या पात्रांच्या पत्रांत भेटतो, तो वारला. जर्मन टोळ्या दिवसांऐवजी रात्री मोजतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटस इसवी सन ९८च्या सुमारास लिहून गेला. नऊ दिवसांच्या सणाला नवरात्र म्हणणाऱ्यांनी यात नवल ते काय मानायचं! त्यांचे चौदा आणि आपला पंधरवडा, हा हिशेब विचाराल तर तो ‘आठवड्या’चाच आहे. सात दिवसांत आठ आला कुठून? आजचा सोमवार आणि पुढचा सोमवार दोन्ही धरले की आठ. फ्रेंचही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात.

प्र. फुलस्केप वहीतलं ‘फुल’ म्हणजे पूर्ण आकार ना? मुलीशी पैज लागली आहे. – सोलापूर

पैज हरलात. ते ‘फूल्स कॅप’, विदूषकाची टोपी. १५व्या शतकापासून युरोपात काही कागदांवर घुंगरांच्या टोपीचं जलचिन्ह असे. कागद उजेडात धरला की दिसायचं. त्या कागदाच्या मापाला टोपीचं नाव चिकटलं. चिन्ह गेलं, मापही ए-फोरने खाल्लं, तरी दुकानात आपण फुलस्केपच मागतो आणि दुकानदार देतोही. देतो तो कागद त्या मापाचा असतोच असं नाही.

प्र. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘सध्या’ की ‘थोड्या वेळाने’? दोन कोशांत दोन अर्थ आहेत. – नागपूर

तिसराही घ्या: ‘ताबडतोब’. शेक्सपिअरच्या काळात तोच मुख्य होता. मग तो घसरून ‘थोड्या वेळाने’ झाला, आणि ‘सध्या’ हा अर्थही शेजारी नांदतोय. संदर्भ बघूनच ठरवा. घसरण्यात तो एकटा नाही. ‘सून’सुद्धा जुन्या इंग्रजीत ‘तत्क्षणी’ होता. ‘बाय अँड बाय’ही तसाच. १६११च्या बायबलात हेरोदिया राणीची मुलगी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर तबकात घालून ‘बाय अँड बाय’ मागते, ते यथावकाश आणून द्या म्हणून नव्हे. तिला ते त्याच क्षणी हवं होतं. लगेच येतो म्हणणारा माणूस लगेच येत नाही, आणि त्याच्यापायी शब्दाची पत जाते. मग नवा ‘लगेच’ शोधावा लागतो, थोड्या दिवसांनी त्याचीही पत जाते. आमच्या ऑफिसखालचा चहावाला ‘आलोच बाई’ म्हणून किटली घेऊन जिना उतरायचा. तेवढ्यात माझी दोन पानं टाइप करून व्हायची, कार्बन बदलून तिसरं लावलेलं असायचं.